फासा पडेपर्यंत

मंडळी, आजचा विषय आमच्या वयाला शोभणारा नाही असं काहींना वाटेल. वाटू दे.

एका टेबलाभोवती आठ माणसं बसली आहेत. समोर कागद, पेन्सिली, पाण्याचे पेले, काहीबाही खाऊ आणि रंगीबेरंगी फासे. एकजण गोष्ट सांगतोय. बाकीचे ऐकतात, मध्येच बोलतात, हसतात, कपाळाला हात लावतात. हे साधारण चार तास चालतं. यात राजवाडे आहेत, राक्षस आहेत, समुद्रप्रवास आहेत, पण सगळे बोलण्यात. पडद्यावर दिसतात ती फक्त बसलेली माणसं. आणि हे बघायला जगभरातले लाखो लोक बसतात.

या प्रकाराला इंग्रजीत 'ॲक्चुअल प्ले' म्हणतात. म्हणजे खरोखर चाललेला खेळ, तो दुसऱ्यांनी बघायचा. खेळ बहुतेक वेळा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असतो आणि असा सर्वांत गाजलेला कार्यक्रम म्हणजे 'क्रिटिकल रोल'. लॉस एंजेलिसमध्ये कार्टूनमधल्या आणि व्हिडिओ गेममधल्या पात्रांना आवाज देणारी जी कलाकार मंडळी आहेत, त्यातल्या काही मित्रांचा हा उद्योग. १२ मार्च २०१५ रोजी तो ट्विच या संकेतस्थळावर सुरू झाला.

आमच्या घरात तो नातवामुळे शिरला. तिकडची गुरुवारची संध्याकाळ म्हणजे आपली शुक्रवारची सकाळ. कॉलेजला निघायच्या वेळेला स्वारी कानात बोंडं घालून बसलेली. चिरंजीव वैतागले. मला म्हणाले, "आई, तू चौतीस वर्षं पोरं सांभाळलीस, तूच सांग त्याला. दुसऱ्यांचा खेळ चार-चार तास बघत बसायचं म्हणजे काय?"

प्रश्न रास्त आहे. (क्रिकेटच्या कसोट्या पाच-पाच दिवस बघणाऱ्या माणसाने तो विचारावा ही गंमत सोडून देऊ.) पण इतिहास शिकवलेल्या माणसाला एक खोड असते. एखाद्या गोष्टीचं काय करायचं हे ठरवण्याआधी ती आली कुठून हे बघावंसं वाटतं. म्हणून नातवाला म्हटलं, "दाखव रे मला." गेली दोन वर्षं अधूनमधून बघते आहे. अमेरिकन उच्चार कानाला झेपत नाहीत, म्हणून खाली अक्षरं लावून. पहिल्या पर्वाची ती अक्षरं प्रेक्षकांपैकीच काहींनी हौसेने, विनामोबदला टंकून दिलेली आहेत. चार तासांचं बोलणं ऐकून टंकायचं! वर्गात टिपणं काढायला कुरकुरणारी पोरं आठवली.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक सूत्रधार असतो, त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. तो प्रसंग सांगतो: समोर जुना पूल आहे, पलीकडे दिवा दिसतोय. बाकीच्या प्रत्येकाचं एकेक पात्र असतं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. आपलं पात्र काय करणार ते खेळाडूने सांगायचं. पूल ओलांडणं जमेल की नाही अशी शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडलेल्या आकड्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि बेरीज ठरलेल्या संख्येइतकी किंवा जास्त झाली तर जमलं. लढाईत वीस पडला की घाव हमखास लागतो, एक पडला की हमखास चुकतो. दोन्हींची शक्यता शेकडा पाच. पात्राला परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, मग वीसची शक्यता जवळजवळ दहापर्यंत जाते. गणिताच्या तासाला शक्यता शिकवताना असं काही हाताशी असतं तर बरं झालं असतं, असं आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना मी फोनवर सांगितलंसुद्धा.

आता इतिहास. या खेळाचे पूर्वज लष्करी आहेत. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने आपल्या वडिलांनी मांडलेल्या युद्धखेळाचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. नकाशावर दोन बाजूंचे ठोकळे मांडायचे, एक फेरी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. असे खेळ पूर्वीही होते. पण यात मधे एक पंच होता. खेळाडू हुकूम लिहून पंचाकडे देत, पंच फासे टाकून परिणाम ठरवी आणि शत्रूचं जेवढं सैन्य खरोखर नजरेस पडलं असतं तेवढंच नकाशावर मांडी. बुद्धिबळात दोघांनाही सगळा पट दिसतो. इथे दिसत नाही. टेकडीमागे काय आहे ते एका माणसाला ठाऊक आहे आणि ते तो वेळ आल्याशिवाय सांगणार नाही. खेळ ऐकावा लागू लागला तो इथून, असं मला वाटतं.

तिथून उडी मारू अमेरिकेत, १९६९ साली, मिनेसोटात. डेव्हिड वेझली नावाचा एक तरुण आपल्या मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातल्या लढाया मांडायचा. टॉटन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याचं १८८० सालचं 'स्ट्रॅटेगॉस' हे पुस्तक त्याच्या हाती लागलं होतं. खेळाडूला काहीही करून बघू द्यावं, काय होईल ते पंच ठरवील, ही कल्पना त्याने त्यातून उचलली. मग एकदा त्याने दोन सैन्यांच्या मधोमध सापडलेलं 'ब्राउनस्टाइन' नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव घेतलं आणि सेनापतींच्या जोडीने गावातली माणसंही वाटून टाकली. कुणी महापौर, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई सुरू व्हायच्या आतच सगळे एकमेकांशी कुजबुजायला लागले, कारस्थानं करायला लागले, दोघांनी तर द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. त्याचे नियमच नव्हते, वेझलीने तिथल्या तिथे रचले. आपला खेळ हाताबाहेर गेला, पार फसला, असं त्याला वाटलं. मित्र मात्र पुढचा खेळ कधी म्हणून मागे लागले.

मला हा प्रसंग फार आवडतो. वर्ग हाताबाहेर गेला असं ज्या दिवशी शिक्षकाला वाटतं, त्याच दिवसाची आठवण मुलं वीस वर्षांनी काढतात, हे अनुभवी शिक्षक मान्य करतील.

त्या मित्रांमध्ये डेव्ह आर्नेसन होता. वेझली १९७० मध्ये सैन्यात गेल्यावर आर्नेसनने 'ब्लॅकमूर' नावाचं स्वतःचं जग उभं केलं, त्यात सैन्याऐवजी तळघरं आणि राक्षस आले. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावच्या गॅरी गायगॅक्सने त्याच्याबरोबर बसून नियम लिहून काढले आणि जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. एक पेटी, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती हजार प्रतींची, पेट्या घरी बसून भरलेल्या. पुढची सगळी वाढ, खटले, कंपन्यांची खरेदी-विक्री मी गाळते आहे, तो वेगळा विषय आहे. गायगॅक्स २००८ साली गेला, आर्नेसन २००९ साली. आपला खेळ लोक बघायला बसणार हे दोघांपैकी कुणाच्या स्वप्नातही असेल असं वाटत नाही. खेळ घरातला, पाच-सहा जणांचा. बाहेरच्या माणसाला त्यात काय गोडी?

गोडी असू शकते हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दाखवलं जपानने, आणि तेही छापील कागदावर. 'कॉम्प्टिक' नावाच्या तिथल्या संगणक-खेळांच्या मासिकात सप्टेंबर १९८६ पासून 'लोडोस बेटाची युद्धकथा' सुरू झाली. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना टेबलावर जे बोलणं झालं ते नाटकाच्या संहितेसारखं मांडून छापायचं, अशी ही मालिका. शीर्षकातच 'मासिकाच्या पानांवर प्रत्यक्ष प्रयोग' अशा अर्थाचे शब्द होते. सूत्रधार होता र्यो मिझुनो. त्याने पुढे, १९८८ पासून, त्याच कथेच्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यावर चित्रपटमालिका निघाली. डीडलिट नावाची कथेतली सुंदर वनकन्या जपानमध्ये घराघरांत पोचली. मूळ खेळात तिचं पात्र खेळत होता हिरोशी यामामोतो हा विज्ञानकथा लिहिणारा पुरुष! (आपल्याकडे बालगंधर्व होऊन गेल्यामुळे आपल्याला याचं अप्रूप वाटायचं कारण नाही.)

गोष्ट आवडली, मग नुसती गोष्टच छापायची होती. तरी कादंबऱ्या आल्यावरही टेबलावरचं बोलणं छापणं थांबलं नाही. 'रीप्ले' नावाचा पुस्तकांचा एक स्वतंत्र प्रकारच तिथे रुजला. कुणीतरी फासा टाकतो, चुकतो, बाकीचे टिंगल करतात, कंसात हशा, हे सगळं पुस्तकात. वाचकाला गोष्टीइतकीच ती घडताना बघायची होती.

अमेरिकेत हे यायला वीसेक वर्षं लागली. २००८ मध्ये खेळाची चौथी आवृत्ती आली, तिच्या जाहिरातीसाठी कंपनीने काही व्यंगचित्रमालिकाकारांना खेळायला बसवलं आणि त्याचं ध्वनिमुद्रण जालावर टाकलं. 'ॲक्विझिशन्स इनकॉर्पोरेटेड' हे त्याचं नाव. २०१० पासून तेच लोक रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर खेळायला लागले. २०१४ मध्ये मॅकेलरॉय आडनावाचे तीन भाऊ आणि त्यांचे वडील मिळून 'द ॲडव्हेंचर झोन' करू लागले, नुसतं ऐकायचं. बापलेकांनी दर आठवड्या-पंधरवड्याला एकत्र बसून एकमेकांना हसवायचं, यावर लोक का भाळले हे आमच्या घरातल्या काही मंडळींनी विचार करण्यासारखं आहे. असो.

आणि मग क्रिटिकल रोल. त्याची सुरुवात अगदी घरगुती. २०१२ मध्ये लियम ओब्रायन या अभिनेत्याच्या वाढदिवसानिमित्त मॅथ्यू मर्सर या मित्राने एक खेळ मांडला. एका बैठकीत संपायचा तो खेळ वर्षानुवर्षं चालू राहिला. तो कॅमेऱ्यासमोर आणायचं ठरलं तेव्हा गोष्ट अर्ध्यावर आली होती. प्रेक्षकांना मागचं काहीच माहीत नाही. पात्रांची ओळख झालेली, भांडणं होऊन मिटलेली, घरात चालणारे विनोद पक्के झालेले. नाटकाचा पहिला अंक चुकवून आत शिरावं तसं. तरी लोक बसले. पहिलं पर्व ऑक्टोबर २०१७ मध्ये संपलं तेव्हा ११५ भाग झाले होते, सगळे मिळून चारशे तासांच्या वर.

आता माझं म्हणणं सांगते. लोक तिथे गोष्टीसाठी येत असतील, पण थांबतात ते ऐकणाऱ्यांचे चेहरे बघायला.

पडद्याची मांडणीच पाहा. पडद्याच्या चौकटी पाडलेल्या. एकीत मर्सर, बाकीच्यांत खेळाडू, आणि बहुतेक सगळा वेळ सगळे चेहरे समोर. सिनेमात बोलणाऱ्याचा चेहरा दाखवतात, ऐकणारा क्वचित. इथे मर्सर म्हाताऱ्या जादूगाराच्या आवाजात काही सांगत असतो आणि मी बघत असते लॉरा बेलीकडे. ती ओठ चावते आहे म्हणजे तिच्या पात्राने लपवलेलं काहीतरी आता उघडं पडणार. तिला पुढे काय होणार ते ठाऊक नाही. मर्सरलाही पुरतं ठाऊक नाही, कारण ती काय उत्तर देईल ते त्याला माहीत नाही आणि उत्तर ठरल्यावरही फासा पडायचा आहे. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच अंधारात.

मी नोकरीची बरीच वर्षं सिंधुदुर्गात काढली, त्यामुळे इथे दशावतार आठवणं साहजिक आहे. तिथेही लिखित संहिता नसते. कथा ठरवून घेतात, संवाद रंगमंचावर सुचतील तसे, आणि रात्र सरते. पण दशावतारात शेवट साऱ्या गावाला ठाऊक असतो, दैत्य मरणारच. कसा मरतो आणि मरताना किती बोलतो एवढंच बघायचं. क्रिटिकल रोलमध्ये दैत्य मरेलच याची हमी नाही.

नातू म्हणतो, "आजी, दुसऱ्या पर्वाचा सव्विसावा भाग बघितल्याशिवाय तुला कळणार नाही." तो भाग जुलै २०१८ मधला. आधीच्या कथेत तीन पात्रांना गुलामांचे व्यापारी पळवून नेतात. त्याचं कारण अगदी व्यावहारिक होतं: लॉरा बेली आणि ट्रॅव्हिस विलिंगहॅम या जोडप्याला बाळ व्हायचं होतं, ॲशली जॉन्सन दुसऱ्या मालिकेच्या चित्रीकरणात अडकलेली. तिघांच्या गैरहजेरीची सोय मर्सरने अशी गोष्टीतच लावली. उरलेले मित्रांना सोडवायला जातात, रस्त्यात दबा धरतात आणि लढाई उलटते. त्यात टॅलिसिन जॅफीचं मॉलीमॉक हे पात्र मरतं. रंगीबेरंगी अंगरख्याचा, थापाड्या, सगळ्यांचा लाडका गडी. जखमा भरून काढणारी जेस्टर ही त्यांची वैद्यीण पळवलेल्यांतच होती. म्हणजे एका घरी बाळ आलं म्हणून दुसऱ्या मित्राचं पात्र वाचवायला त्या रात्री कुणी नव्हतं. कुठल्या लेखकाने हे लिहिलं असतं तर ओढूनताणून आणलेलं वाटलं असतं. इथे कुणी लिहिलेलंच नाही. दोन भागांनंतर जॅफी नवं पात्र घेऊन टेबलावर आला, केड्यूसस क्ले नावाचा, कबरी राखणारा, चहा पाजणारा, संथ बोलणारा. जेस्टर वगैरे मंडळी सुटून परत आली तेव्हा त्यांना मॉली गेल्याचं सांगावं लागलं.

हे सगळं आधी ठरवून केलेलं असतं, असं म्हणणारे लोक आहेत. मर्सर तयारी भरपूर करतो हे उघड आहे. पण ज्याच्या हाती फासे त्याच्यावर शंका येणारच, शकुनी आपल्याला पाठ आहे. यावर 'डायमेन्शन २०' या दुसऱ्या कार्यक्रमाने एक चांगली युक्ती काढली. तिथला सूत्रधार ब्रेनन ली मलिगन. अटीतटीचा क्षण आला की फासा एका खास खोक्यात टाकायचा, त्याच्यावर कॅमेरा रोखलेला. आकडा सगळ्यांना एकदमच दिसतो. त्याला ते 'बॉक्स ऑफ डूम' म्हणतात. सूत्रधाराने सगळ्यांदेखत हात वर केले, आता माझ्याकडेही काही नाही.

हे थेट प्रक्षेपणामुळे गुंगवतं, असंही एक मत आहे. ते मला पटत नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे क्रिटिकल रोल बंद पडला, जुलैमध्ये पुन्हा सुरू झाला तो आधी चित्रित करून. तेव्हापासून नेहमीचे भाग तसेच येतात. प्रेक्षक टिकले. बघणाऱ्याच्या दृष्टीने थेट असणं महत्त्वाचं नव्हतं, टेबलावरच्या माणसांना पुढचं माहीत नसणं पुरेसं होतं.

याचा उलटा पुरावाही आहे. मार्च २०१९ मध्ये या मंडळींनी पहिल्या पर्वातल्या कथेवर एक छोटी कार्टूनफिल्म काढायला लोकांकडे साडेसात लाख डॉलर मागितले. पहिल्या तासातच त्याच्या वर जमले. दीड महिन्यात जमले १ कोटी १३ लाख डॉलर, ८८ हजारांहून अधिक लोकांकडून. मग ॲमेझॉनने हात दिला आणि जानेवारी २०२२ मध्ये 'द लीजेंड ऑफ व्हॉक्स मकिना' ही मालिका आली. तीच गोष्ट, तीच पात्रं, तेच आवाज. चित्रं सुंदर. मी दोन भाग बघितले आणि थांबले. लोकांना आवडली, त्यांचं बरोबरच असेल. पण मला त्यात टेबल सापडेना. प्रत्येक घाव नेमका जिथे लागायला हवा तिथेच लागत होता.

चार तासांत कंटाळवाणं काहीच नसतं असं मात्र कुणी समजू नका. लढाया फार लांबतात. कुणाची पाळी, किती फूट अंतर, मंत्र लागू पडतो का, नियमांचं पुस्तक चाळ. मी त्या वेळात भाजी निवडते. डायमेन्शन २० हे सगळं कापून दोनेक तासांत बसवतो, पाहायला सुटसुटीत, मलिगनची जीभ तर विजेसारखी. (जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरवलं, तिकीट काढून लोक फासे बघायला गेले.) तरीसुद्धा मला क्रिटिकल रोलच जवळचा वाटतो, तो त्यातल्या थांबण्यासाठी.

शिक्षकांना हे लगेच कळेल. वर्गात प्रश्न विचारला की आपण फार लवकर उत्तर सांगून मोकळे होतो. मनातल्या मनात दहा आकडे मोजले, तर सहाव्या-सातव्या आकड्याला मागच्या बाकावरचा एखादा हात हळूच वर येतो. मर्सर हे दहा आकडे मोजतो. प्रश्न टाकतो आणि गप्प बसतो. एखादा खेळाडू मिनिटभर कागदाकडे बघत राहतो, कुणी त्याला घाई करत नाही. आणि शत्रूवर शेवटचा घाव बसतो तेव्हा, म्हणजे कुठलाही कथेकरी जो क्षण स्वतःकडे ठेवील नेमका तेव्हा, मर्सर ज्याचा घाव असेल त्याला विचारतो, "हे कसं करायचंय तुला?" सगळं टेबल ओरडतं. मग वर्णन तो खेळाडू करतो. लाजत, अडखळत, कधी अगदी सामान्य वाक्यांत. मर्सरने ते दसपट चांगलं सांगितलं असतं. पण तो सांगत नाही.

या बघण्याची एक वाईट बाजूही आहे, तीही लिहायला हवी. किलेथ हे पात्र खेळणाऱ्या मारिशा रे यांना पहिल्या पर्वात जालावर फार वाईटसाईट ऐकावं लागलं. पात्र बावचळणारं, निर्णय घ्यायला वेळ लावणारं. प्रेक्षकांना नियम पाठ, बरोबर चाल कोणती ते घरबसल्या ठाऊक. चुकलेल्या मुलाला हसणारा वर्ग मी पाहिला आहे, पण तो चाळीस पोरांचा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे नवे लोक खेळायला बसले की आपला सूत्रधार मर्सरसारखा का नाही म्हणून हिरमुसतात. त्याला 'मर्सर इफेक्ट' असं नावच पडलं आहे. मर्सर आवाजांवर पोट भरणारा कलावंत, त्याच्याशी कॉलेजातल्या मुलाने बरोबरी करायची कशाला? आमचा नातू तीन मित्रांना जमवून रविवारी खेळतो. बाहेरच्या खोलीत बसतात, म्हणून ऐकू येतं. त्याचा राक्षस आणि त्याचा सराफ एकाच आवाजात बोलतात. तिघे ऐकतात मात्र मन लावून. चिरंजीव परवा चहाचे कप न्यायला म्हणून आत गेले ते बराच वेळ दारात उभे होते. मला येऊन विचारलं, "त्या पुलाचं पुढे काय झालं गं?" मी म्हटलं, "फासा पडायचाय अजून."

इकडे क्रिटिकल रोलचं चौथं पर्व २ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालं. जग नवं, खेळाडू तेरा, त्यांचे तीन गट, आणि सूत्रधाराच्या जागी डायमेन्शन २० चा तो ब्रेनन ली मलिगन. दहा वर्षं गोष्ट सांगणारा मर्सर आता खेळाडूंमध्ये बसतो, स्वतःचं एकच पात्र सांभाळत. मलिगन बोलायला लागला की हा पुढे वाकतो, हनुवटी हातावर टेकवतो आणि ऐकत राहतो. मी सध्या त्याचीच चौकट बघते.